जर्मन बंदुकीवरचे आपले आकडे

माणसाला काहीतरी जमवायची हौस असतेच. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, तर कुणी ७८६ आकडा असलेल्या नोटा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवतो. आमच्या बदलापूर गावातही असे हौशी लोक आहेत. पण मोबाइल हातात आल्यापासून आमच्या मुलांना एका निराळ्याच छंदाची ओळख झाली आहे. जुन्या लष्करी बंदुका, त्यातही जर्मन बनावटीच्या रायफली जमवणे! युरोप-अमेरिकेत हा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांचे व्हिडिओ मुले तासन्‌तास पाहतात. इकडे अम्मीच्या पोटात गोळा येतो आणि अब्बा शाळेत येऊन म्हणतात, "सर, तुम्हीच समजवा याला."

"बघू नकोस" एवढे सांगून मुलांचे समाधान होत नाही, हे शाळेत इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला ठाऊक झाले आहे. तेव्हा हा छंद आहे तरी काय, त्यात घेण्यासारखे काय आणि टाळण्यासारखे काय, आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हे पालकांनीही समजून घ्यावे म्हणून हा लेख.

खरे तर आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. लोखंड आणि दारूगोळा हा आमचा विषय नव्हे. पण नववीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला या विषयात ओढले. त्याने फोनवर परदेशात विकायला काढलेल्या एका रायफलीचा फोटो दाखवला आणि विचारले, "सर, बंदूक जर्मन आहे म्हणतात. मग हिच्यावर उर्दू कशी?"

फोटो मोठा करून पाहिला. रायफलीच्या माथ्यावर सुलतानाचा तुघरा होता. नेम धरायच्या पट्टीवर आकडे होते आणि ते आमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला वाचता आले असते. चार, सहा आणि सात यांचे वळण उर्दूपेक्षा थोडे वेगळे, इतकाच फरक. ती उर्दू नव्हती, उस्मानी तुर्की होती. १९२८ पर्यंत तुर्की भाषा अरबी लिपीत लिहिली जात असे. पण जर्मनीतल्या कारखान्याने ही लिपी आपल्या बंदुकीवर का कोरली? हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना.

ओबर्नडॉर्फचा कारखाना

जर्मनीच्या दक्षिणेला नेकार नदीकाठी ओबर्नडॉर्फ नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जुन्या मठाच्या इमारतीत १८११ साली सरकारी शस्त्रकारखाना सुरू झाला. पुढे त्याच गावच्या विल्हेल्म आणि पाउल माउझर या दोन भावांनी बंदुकीच्या रचनेत मोठा बदल केला. त्यांची १८७१ ची रायफल नव्या जर्मन साम्राज्याच्या सैन्याने स्वीकारली. ती एका वेळी एकच काडतूस घेई. नळीचे तोंड ११ मिलिमीटरचे, आणि बार काढला की दाट धूर होई. १८९८ साली त्यांची सर्वात गाजलेली रायफल आली. तिचे नाव गेवेर ९८. आत पाच काडतुसे, लांबी सव्वा मीटर आणि वजन चार किलोच्या आसपास. १९३५ साली तिचीच आखूड आवृत्ती आली, काराबिनर ९८ के. दुसऱ्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या खांद्यावर असे ती हीच. तिच्या एक कोटीहून अधिक प्रती बनल्या.

ही रचना इतकी पक्की होती की पुढे जगभरच्या रायफलींनी तिची नक्कल केली. अमेरिकेने १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड रायफल काढली तेव्हा माउझर कंपनीला पेटंटचे पैसे मोजावे लागले. कुमाऊंच्या जिम कॉर्बेटला नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जी रिग्बी रायफल भेट मिळाली, तिचा गाभाही माउझरचाच. माउझर हे नाव आपल्याकडे पोहोचले ते मात्र पिस्तुलामुळे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुले क्रांतिकारकांनी पळवली. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणातही माउझर पिस्तुले होती. त्या प्रकरणात अश्फाकउल्ला खान १९ डिसेंबर १९२७ रोजी फैजाबादच्या तुरुंगात फासावर गेले.

संग्राहक काय वाचतो?

या छंदातला जाणकार माणूस बंदूक चालवण्यापेक्षा ती वाचण्यात जास्त वेळ घालवतो. गेवेर ९८ च्या माथ्यावर राजमुकुट, कारखान्याचे नाव आणि साल असते. स्पांडाउ, एरफुर्ट, डान्झिग, आम्बेर्ग ही त्या सरकारी कारखान्यांची गावे. बंदुकीला एक नंबर असतो आणि त्याच नंबरचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवर, अगदी स्क्रूवरसुद्धा ठोकलेले असतात. सगळे नंबर जुळले तर समजायचे की कारखान्यातून निघालेले भाग अजून एकत्र आहेत. नंबर जुळले नाहीत तर कुठेतरी दुरुस्तीत दुसऱ्या बंदुकीचे भाग लागले. एवढ्याशा फरकाने किंमत कित्येक पटींनी खाली-वर होते. म्हणून खोटे शिक्के मारून फसवणारेही या बाजारात खूप आहेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या रायफलींवर कारखान्याच्या नावाऐवजी गुप्त अक्षरे असत. 'बी वाय एफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, 'बी सी डी' म्हणजे गुस्टलोफ. या दुसऱ्या नावापाशी मुलांना थोडे थांबवावे असे आम्हाला वाटते. गुस्टलोफ कंपनीचा कारखाना वायमार शहरात होता, आणि तिने शेजारच्या बुखेनवाल्ड छळछावणीतल्या कैद्यांकडून सक्तीने काम करून घेतले. व्हिडिओत ज्या बंदुकीच्या पॉलिशचे कौतुक चाललेले असते, ती कदाचित उपाशीपोटी राबवलेल्या माणसाच्या हातून गेलेली असेल. ही गोष्ट व्हिडिओत क्वचितच सांगितली जाते. आपण ती आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

सुलतानाची ऑर्डर

आता त्या तुघऱ्याकडे येऊ. १८८७ साली सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांच्या सरकारने माउझरला पाच लाख रायफली आणि पन्नास हजार कार्बाइन यांची ऑर्डर दिली. करारात एक हुशारीची अट होती. मध्येच बंदुकीत काही सुधारणा झाली तर उरलेला माल सुधारित द्यायचा. त्याप्रमाणे १८९० मध्ये नवी रायफल आली, मग १८९३ ची, मग १९०३ ची. माल तपासून घेण्यासाठी तुर्की अधिकाऱ्यांचे पथक ओबर्नडॉर्फमध्ये येऊन राहत असे. त्या ख्रिस्ती खेड्यातल्या कारागिरांनी सुलतानाचा तुघरा, अरबी लिपीतली अक्षरे आणि आकडे पोलादावर कोरले. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे.

त्या फोटोतल्या बंदुकीवर साल होते १३१९. मुलाने लगेच हिशोब केला, "हिजरी १३१९ म्हणजे १९०१ किंवा १९०२." हिशोब बरोबर, पण सन वेगळा! तुर्की सरकारी कारभारात रूमी किंवा माली नावाचा सौर सन चाले. त्यात ५८४ मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणजे ती बंदूक १९०३ ची. एका आकड्यापायी वर्गात हिजरी, रूमी आणि इसवी असे तीन सन फळ्यावर आले. चांद्र आणि सौर वर्षातला फरक मुलांना त्या दिवशी जितका कळला, तितका पुस्तकातून कळला नसता.

१९२८ साली तुर्कस्तानने लिपी बदलली. जुन्या रायफली मात्र फेकल्या नाहीत. अंकाराच्या लष्करी कारखान्यात त्या नव्या नळ्या बसवून पुन्हा तयार केल्या आणि वर लॅटिन अक्षरांत 'अंकारा'चा शिक्का मारला. त्यामुळे काही रायफलींवर दोन्ही लिप्या दिसतात. खाली अरबी आकडे, वर लॅटिन अक्षरे. आज त्या देशातल्या सामान्य माणसाला आपल्याच पणजोबांच्या बंदुकीवरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि बदलापूरच्या मुलाला ते येतात. घरात उर्दू का शिकायची असे विचारणाऱ्या मुलांना द्यायला आमच्याकडे आता आणखी एक उत्तर आहे.

कूतचा वेढा आणि दख्खनी मुसलमान

ह्या तुर्की माउझरचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे, आणि तो फार दुःखाचा आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, जी फौज पाठवली तिचे नावच सहावी पूना डिव्हिजन होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. म्हणजे सातारा-रत्नागिरीचा मराठा आणि दख्खनचा मुसलमान एकाच पलटणीत, एकाच खंदकात उभे होते. दोघांच्या हाती इंग्रजांची .३०३ रायफल, आणि समोर तुर्की शिपाई जर्मन माउझर घेऊन. त्या माउझरवर सुलतानाचा तुघरा, आणि तुर्की सुलतान म्हणजेच खलिफा. ज्या खलिफाचे नाव आपल्या मशिदीत आदराने घेतले जाई, त्यांच्याच फौजेवर गोळी चालवायची. त्या दख्खनी शिपायाच्या मनात तेव्हा काय चालले असेल, याची कल्पनाही करवत नाही.

७ डिसेंबर १९१५ रोजी टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा गावात ही फौज वेढली गेली. वेढा जवळपास पाच महिने चालला. रसद संपली. घोडे कापून खाण्याची वेळ आली. भारतीय शिपाई, हिंदू काय आणि मुसलमान काय, ते मांस खायला तयार होईनात, तेव्हा भारतातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानग्या मागवाव्या लागल्या. वेढा फोडायला आलेल्या फौजेचेच सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास सैन्याने शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. त्यातले असंख्य घरी परतलेच नाहीत.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश शिपायांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या भारतीय शिपायांची नावे मात्र कोरली नाहीत. पलटणीचे नाव आणि पुढे फक्त मृतांचा आकडा. २०२१ साली युद्धस्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

जरा विचार करा. जर्मन कारखान्याने बंदुकीच्या स्क्रूवरसुद्धा नंबर मारला. शंभर वर्षांनी तो नंबर जुळतो का हे पाहायला लोक भिंग घेऊन बसतात आणि हजारो डॉलर मोजतात. आणि त्या बंदुकीसमोर पडलेल्या आपल्या माणसाचे नाव दगडावर लिहायची तसदी कुणी घेतली नाही. जमवायचेच असेल तर आधी काय जमवायला हवे, हे आम्हाला इथे उमगले.

कायदा काय म्हणतो?

मुलांच्या मनात मात्र एक प्रश्न उरतोच, "आपल्याकडे अशी बंदूक ठेवता येईल का?" त्याचे स्पष्ट उत्तर दिलेले बरे. अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसतो तसा संग्रह आपल्या देशात सामान्य माणसाला करता येत नाही. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारसाहक्काने आलेली बंदूकही याच दोनमध्ये धरली जाते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशातून बंदूक आणणेही जवळपास बंदच आहे.

पुरातन, कालबाह्य आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्राला कायद्यात सूट आहे. २०२० साली केंद्र सरकारने क्युरिओ म्हणजे दुर्मीळ शोभेच्या वस्तू प्रकारातली लहान शस्त्रे बाळगायला परवाना लागणार नाही, असेही स्पष्ट केले. पण ती नेण्या-आणण्याला आणि वापरायला परवाना लागतोच. आणि एखादी वस्तू या सवलतीत बसते की नाही, हे विकणारा सांगेल त्यावर ठरत नाही. १८९८ ची माउझर आजही साफ करून चालवता येते, हे लक्षात ठेवावे. कायद्याच्या लेखी बंदुकीचा सुटा भागही शस्त्रच, आणि बायोनेटचे नावही शस्त्रांच्या यादीत आहे.

आमच्या भागात ही काळजी जरा जास्तच घ्यायला हवी. शेजारी अंबरनाथला आयुधनिर्माणी आहे. उल्हासनगर तर दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवरच १९४९ साली वसले. जुने लोखंड, रिकामी काडतुसे भंगारात दिसली की मुलांना मोह होतो. अशी वस्तू विकत घेऊ नये, उचलून घरी आणू नये. जिवंत काडतूस किंवा गोळा वाटला तर हात न लावता ११२ नंबरवर कळवावे. आणि हातात शस्त्र घेऊन काढलेला फोटो, मग तो गमतीने का असेना, फोनवर कुठेही टाकू नये. वयात येणाऱ्या मुलाच्या एका फोटोने सगळ्या घराला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि आपल्या घरांना त्याची किंमत किती मोजावी लागते हे सांगायला नको.

काही घरांत मरहूम आजोबांच्या नावावरची शिकारीची बंदूक माळ्यावर पडलेली असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, बंदूक तशीच राहिली. परवानाधारकाच्या इंतकालानंतर ती "आठवण" म्हणून घरात ठेवणे गुन्हा ठरू शकतो. अशा वेळी घाबरू नये, लपवू तर मुळीच नये. परवान्याचे कागद शोधावेत, विलंब न लावता बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. वारसाला ती आपल्या नावावर हवी असेल तर रीतसर अर्ज करता येतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरसाठी हे काम ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे आहे.

मग जमवायचे काय?

खूप काही! पहिली गोष्ट म्हणजे पाहणे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे स्वतंत्र दालन आहे. पुण्याला केळकर संग्रहालय आहे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, तिथे महायुद्धातली जर्मन बनावटही पाहायला मिळते. बदलापूरहून कर्जतमार्गे पुणे काय आणि लोकलने मुंबई काय, एका दिवसात जाऊन येता येते. मुलांना वही घेऊन न्या. प्रत्येक शस्त्रावरचे साल, शिक्का, लिपी उतरवून घ्यायला सांगा. ते कुठे बनले, कुणी विकत घेतले आणि कुणावर चालले, हे तीन प्रश्न विचारायची सवय लावा.

दुसरी गोष्ट, माणसे शोधणे. कोकणात आणि देशावर अनेक गावांत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यातले इतके परतले नाहीत, असा तिच्यावर मजकूर असतो. तुमच्या मूळ गावी अशी पाटी असेल तर तिचा फोटो काढा. गावातल्या बुजुर्गांना विचारा, ते कोण होते? बसऱ्याच्या दगडावर जी नावे नाहीत, त्यातली पुष्कळशी त्या कमिशनच्या यादीत आता इंटरनेटवर शोधता येतात. पलटण, मृत्यूची तारीख, आणि कित्येकदा वडिलांचे नाव आणि गावही मिळते. पेटीतले जुने पदक, पेन्शनचा कागद, मोडी किंवा उर्दूतले पत्र फेकून देऊ नका. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते, ते वाचा.

तिसरी गोष्ट, आवाज. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी मुसलमान युद्धकैद्यांसाठी बर्लिनजवळ व्हुन्सडॉर्फला चाँद छावणी उभारली होती. १९१५ साली तिथे लाकडी मशीदही बांधली, जर्मनीतली ती पहिली. त्यांना आपल्या बाजूला वळवायचे हा हेतू होता. त्याच सुमारास जर्मन अभ्यासकांनी भारतीय कैद्यांचे आवाज तबकड्यांवर टिपून घेतले. ते आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात जपलेले आहेत. शंभर वर्षांपूर्वी परक्यांनी आपल्या लोकांचे बोलणे जपून ठेवले. आपल्या खिशात तर फोनच आहे. घरातल्या नाना-नानींना, दादा-दादींना समोर बसवून विचारा की त्यांच्या वडिलांनी काय सांगितले होते, कोण फौजेत होते, कुठे गेले, काय घेऊन परत आले. रेकॉर्ड करा, तारीख आणि नाव लिहून ठेवा.

आमच्या वर्गातल्या मुलांनी या सुट्टीत हेच काम हाती घेतले आहे. प्रत्येकाने आपल्या घराण्यातला निदान एक शिपाई, खलाशी किंवा कामगार शोधायचा, आणि त्याचे नाव, गाव आणि साल उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत वहीत लिहायचे. तुमच्या घरी असे नाव असेल तर ते आजच लिहून काढा. ज्यांना ते आठवते, ती माणसे आता फार थोडी उरली आहेत.